रेडिएटरचा पंखा कधी लागतो, कधी लागत नाही: दोष पकडायचा कसा?

वळणवाट

गाडी २०१३ ची, १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, ९४,००० किमी. रेडिएटरला एकच पंखा, एकाच वेगाचा. तापमानाच्या सेन्सरवरून ईसीयू (इंजिनचा संगणक) रिले (कॉइलच्या चुंबकाने मोठा करंट जोडणारा स्विच) ओढतो, पंख्याला स्वतंत्र ३० अँपिअरचा फ्यूज आहे.

सिग्नलला किंवा खंबाटकीच्या रांगेत उभं राहिलं की काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागतो. बॉनेट उघडावं तर पंखा गप्प. गाडी ४०-५० ने पळाली की दोन-तीन मिनिटांत काटा जागेवर. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं तर कधी पंखा लागतो, कधी नाही. एसी लावला की पंखा लागायला हवा आणि एरवी लागतोही, पण ज्या दिवशी काटा चढतो त्या दिवशी एसी लावूनही ढिम्म. मग उभ्या गाडीत एसीची हवाही कोमट.

ओबीडीचं (ईसीयूतली माहिती वाचायचं) ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर आकडे पाहिलेत. चांगल्या दिवशी पंखा ९७ अंशांना लागतो, ९३ ला थांबतो. वाईट दिवशी १०७ पर्यंत गेलं तरी लागला नाही. स्कॅनरवर दोषाचा एकही कोड नाही.

आतापर्यंत थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह नवीन टाकला, कूलंट बदललं, रिले बदलला. रिले बदलल्यावर आठवडाभर बरं होतं, मग पुन्हा तेच. गॅरेजमध्ये नेली की पंखा अगदी शहाण्यासारखा फिरतो. आता पुढचा सल्ला "सेन्सर बदलू, नाहीतर ईसीयू बघावा लागेल" असा आहे. अंदाजाने एकेक वस्तू बदलत बसायचं नाहीये. मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प घरात आहे, वायरिंगला हात लावायची भीती नाही. क्रमाने कसं शोधावं?

तेरा_नंबर_पाना

सेन्सर बदलू नका. ईसीयूच्या तर वाटेलाही जाऊ नका. तुम्ही दिलेल्या माहितीतच निम्मं उत्तर आहे.

मोबाइलवर १०७ दिसलं, म्हणजे सेन्सरने तापमान बरोबर सांगितलं आणि ईसीयूने ते वाचलं. डोंगल तोच आकडा दाखवतं जो ईसीयू स्वतः वापरतो. शिवाय एसी लावल्यावर पंखा लावायचा हुकूम निघतो तो तापमानाची वाट बघत नाही. दोन वेगवेगळी कारणं, दोन्ही वेळा पंखा गप्प, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर शोधायचा: रिले आणि त्याचं सॉकेट, फ्यूज, जाड वायर, मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), मोटर आणि अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह बाजू).

कोड का नाही, तेही समजून घ्या. पंख्याचा पी०४८० हा कोड रिलेच्या कॉइलच्या सर्किटसाठी असतो. कॉइलची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तरच ईसीयूला कळतं. अशा साध्या रिलेच्या गाडीत पंखा खरंच फिरला की नाही हे ईसीयूला दिसतच नाही, तो हुकूम देऊन मोकळा होतो. त्यामुळे कोड नसणं हा इथे पुरावाच आहे: बारीक वायरींची बाजू बहुधा ठीक, रोग जाड वायरींच्या बाजूला.

एक अपवाद सांगून ठेवतो, कारण कूलंट नुकतंच बदललंय. आत हवा अडकली आणि सेन्सरचं टोक पाण्याऐवजी हवेत राहिलं तर इंजिन उकळत असताना मोबाइलवर ८५-९० दिसू शकतं आणि पंखा लागत नाही. तुमच्याकडे आकडा चढतोय, म्हणजे हा प्रकार नाही. तरी इंजिन गरम असताना हीटर लावून पाहा. आयडलला हीटर गार आणि रेस दिल्यावर गरम येत असेल तर हवा काढायची राहिली आहे.

तोवर रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगावर, काचा खाली. हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच. मे महिन्यात नकोसं होतं, पण ५-७ अंश सहज उतरतात. काटा लालजवळ गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. निम्मं कूलंट निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०८ अंशांना उकळतं, झाकणाच्या ०.९ बार दाबामुळे ते १०८ च्या बऱ्याच वरपर्यंत शांत राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं.

कपलर_काढू_नका

वरच्याशी सहमत. गॅरेजमध्ये पंखा का लागतो, याचं उत्तर माझ्या नावातच आहे.

बंद पडलेल्या क्षणी लोक पहिलं काम काय करतात? कपलर काढतात, फुंकर मारतात, परत लावतात. पंखा सुरू. सगळे खूश. पण पिनांवरचा काळा थर घासला गेला आणि पुरावा गेला. तुमचा नवा रिलेही असाच आठवडाभर "लागू पडला" असणार. जुना काढून नवा दाबताना सॉकेटच्या पिना घासून निघतात. त्यामुळे दोष चालू असताना काहीही काढायचं नाही, हलवायचं नाही, फक्त मोजायचं.

आधी काळजी. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा लागतो. बोटं पात्याजवळ न्यायची असतील तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. इंजिन चालू ठेवून मोजताना बाही, ओढणी, लोंबणारी वायर काही जवळ नको.

उभ्या गाडीत तापमान १०० च्या वर गेलं, पंखा लागला नाही, की हा क्रम:

एसी बंद-चालू करा आणि रिलेवर बोट ठेवा. टिक् जाणवली तर कॉइल ओढतेय. मात्र टिक् म्हणजे करंट पुढे गेला असं नाही. आतले कॉन्टॅक्ट जळून खड्डे पडलेले असतील तर टिक् होते आणि पुढे काही जात नाही.

मग मोटरच्या कपलरमागून, वायर जिथे पिनेत शिरते तिथून टाचणी सरकवून टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प २१ वॉटच्या इंडिकेटर बल्बचा हवा, एलईडीचा पेन टेस्टर नको. मीटरही इथे फसवतो. वायरीचे सगळे धागे तुटून एक उरला असेल तरी मीटर ऐटीत १२.४ दाखवतो, कारण मीटर करंट खातच नाही. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तो मिणमिणला की वायरीचं पितळ उघडं पडतं.

बल्ब लख्ख पेटला आणि पंखा तरीही उभा असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने मोटरच्या मागच्या डब्यावर हलकेच टकटक करा. पात्यावर नाही. फिरायला लागला तर दोष कार्बन किंवा कॉम्युटेटरचा, म्हणजे मोटरच्या आत फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या जागेचा.

अडचण एवढीच की दोष नेमका घाटात येतो आणि तिथे टाचणी घेऊन उतरता येत नाही. त्यावर तीन एलईडीचा उपाय आहे, संध्याकाळी लिहितो.

जुगाडू

एवढा अभ्यास कशाला दादा. पंख्याला बॅटरीवरून डायरेक्ट वायर घ्या, डॅशबोर्डवर एक स्विच बसवा, ट्रॅफिक आलं की दाबा. दहा मिनिटांचं काम.

दशांश_व्होल्ट

जुगाडू, तुमचा स्विच किती अँपिअरचा? पंखा चालताना १०-१२ अँपिअर घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या तिप्पट. बाजारातला डॅशबोर्डचा छोटा स्विच तेवढ्यासाठी बनलेला नसतो. आधी चिकटतो, मग वितळतो. शिवाय बॅटरीवरून फ्यूजशिवाय वायर आत आणली आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्याला घासून सोलली तर गाडी पेटेल.

हाताने पंखा लावायची सोय हवीच असेल तर योग्य जागा रिलेची कॉइल. बहुतेक गाड्यांत कॉइलच्या एका टोकाला चावीचं पॉझिटिव्ह येतं आणि ईसीयू दुसरं टोक अर्थ करतो. ते दुसरं टोक स्विचमधून बॉडीला दिलं की रिले ओढतो. त्यात जेमतेम १५०-२०० मिलिअँपिअर असतात, बारीक वायर आणि साधा स्विच पुरतो, पंख्याचा मूळ फ्यूजही वाटेत राहतो. आधी मीटरने खात्री करा की ईसीयू अर्थच करतो, उलटं असेल तर शॉर्ट होईल.

पण दोष मोटरमध्ये असेल तर यातला कुठलाच स्विच कामाचा नाही, हे आधी लक्षात घ्या.

आता वळणवाट यांच्यासाठी. पंखा चालतोय अशा चांगल्या दिवशीही मोजण्यासारखं खूप आहे. ओहमवर मोजू नका. वीज बंद ठेवून मोजताना मीटर ०.१ ओहम धड दाखवत नाही आणि इथे तेवढ्यानेच घात होतो. पंखा फिरत असताना व्होल्टेज कुठे गळतंय ते बघा. मीटर डीसी २० व्होल्टवर:

बॅटरी पॉझिटिव्हच्या शिशावर एक टोक, मोटरच्या पॉझिटिव्ह वायरीवर दुसरं: ०.५ व्होल्टच्या आत हवं.

मोटरची निगेटिव्ह वायर ते बॅटरीचं निगेटिव्ह: ०.२ च्या आत.

फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्या दोघांमध्ये मिलिव्होल्टवर: ३०-४० च्या आत. जास्त आलं किंवा फ्यूज दाबल्यावर आकडा नाचला तर आत केसासारखी चीर आहे. डोळ्यांना असा फ्यूज ठणठणीत दिसतो.

पॉझिटिव्ह बाजूला एक व्होल्ट गळत असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीवरच ठेवून दुसरं एकेक पायरी पुढे न्या: फ्यूजच्या आधी, फ्यूजनंतर, रिलेच्या ८७ नंबरच्या (पंख्याकडे जाणाऱ्या) वायरीवर, कपलरच्या अलीकडे, कपलरच्या पलीकडे. आकडा जिथे उडी मारेल तिथे रोग.

कपलरची दोन्ही बाजूंनी पाहणी करा. हिशेब बघा: पिनेत फक्त ०.१ ओहम रोध तयार झाला आणि १२ अँपिअर वाहिले तर १.२ व्होल्ट तिथेच जातात, आणि १२ गुणिले १.२ म्हणजे १४ वॉटपेक्षा जास्त उष्णता. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्म्याहून अधिक, तीही नखाएवढ्या प्लास्टिकमध्ये. पिनेची स्प्रिंग त्याने नरम पडते, पकड सुटते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. पांढरा कपलर एका पिनेभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी झाला असेल तर तिथे हे चक्र फिरलेलं आहे. कोकणातल्या गाड्यांत याच्या जोडीला हिरवट थर असतो, तो वायरीच्या आवरणाखाली वीतभर आतही चढलेला सापडतो.

आणि अर्थ. बॅटरीच्या ट्रेखाली किंवा रेडिएटरच्या पट्टीवर १० नंबरचा बोल्ट असतो. पुढून डेंटिंग-पेंटिंग झालेलं असेल तर हमखास रंगावर रिंग कसलेली असते.

वळणवाट

सगळ्यांचे आभार. (दादा नाही, ताई. चालायचंच.)

आज पंखा लागत होता, म्हणून दशांश_व्होल्ट यांची मोजणी केली. फ्यूज २२ मिलिव्होल्ट. निगेटिव्ह बाजू ०.१४. पॉझिटिव्ह बाजू ०.९३! पायऱ्या केल्या तेव्हा ८७ नंबरच्या वायरीपर्यंत ०.२१ आणि कपलरच्या अलीकडेही ०.२६. उरलेलं सगळं कपलरच्या एका पिनेत. कपलर तपकिरी आहेच. मिळालं का उत्तर? कपलर बदलून मोकळी होऊ?

दशांश_व्होल्ट

कपलर बदलायचाच आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. ०.६७ व्होल्ट गळूनही मोटरला तेरा-साडेतेरा मिळतात, तेवढ्यात पंखा फिरतो. कपलर तापला, हे खरं. का तापला ते बघा. क्लॅम्प मीटर मिळेल का? डीसी मोजणारा हवा. घरगुती वायरिंगवाल्यांकडचे बरेचसे फक्त एसी मोजतात, ते इथे शून्य दाखवतील. मोटरच्या एकाच वायरीभोवती क्लॅम्प लावा, दोन्ही वायरी एकत्र घेतल्या तरी शून्यच येईल.

कपलर_काढू_नका

ताई, कपलरला अजून हात लावू नका. तीन दिवे आधी, म्हणजे एका दगडात सगळे पक्षी.

सामान: तीन रंगांचे ५ मिमी एलईडी, एक किलोओहमचे पाव वॉटचे तीन रेझिस्टर, १एन४००७ चे तीन डायोड, चार-पाच मीटर बारीक वायर, हीट श्रिंक नळी. रेझिस्टर एलईडीजवळ नाही, तर जिथून टॅप (मूळ वायर सोलून काढलेला फाटा) घेता त्या टोकाला जोडायचा. मग वायर बॉनेटखाली चेपून शॉर्ट झाली तरी १४ मिलिअँपिअरपलीकडे काही जाणार नाही. डायोड एलईडीच्या मालिकेत, रिलेची कॉइल सुटताना उलटा झटका मारते त्यापासून वाचवायला.

हिरवा: रिले कॉइलच्या दोन बारीक वायरींमध्ये, सॉकेटच्या खालून टॅप घेऊन. पेटला म्हणजे ईसीयूचा हुकूम आला. इथे बल्ब लावू नका. दोन वॉटचा बल्बही १६० मिलिअँपिअर घेतो, कॉइलएवढंच ओझं ईसीयूच्या ट्रान्झिस्टरवर दुप्पट पडतं.

पिवळा: मोटरचं पॉझिटिव्ह ते बॅटरीचं निगेटिव्ह. टॅप कपलरच्या मोटरकडच्या बाजूला घ्या, हार्नेसकडच्या (गाडीच्या वायरिंगकडच्या) नाही. अलीकडे घेतला तर पिनेचा दोष मोटरच्या खात्यात जमा होईल.

लाल: मोटरची निगेटिव्ह वायर, हीदेखील मोटरकडून, ते बॅटरीचं निगेटिव्ह. एरवी हा पेटतच नाही. अर्थ तुटला तर मोटरच्या वाइंडिंगमधून येणाऱ्या करंटवर पेटतो.

तिन्ही वायरी बॉनेटच्या फटीतून काढून एलईडी वायपरजवळ काचेला टेपने चिकटवा.

पंखा लागायला हवा आणि लागत नाही, अशा वेळी बघा. हिरवाच नाही: हुकूम नाही, मग ईसीयूकडे जा. हिरवा आहे, पिवळा नाही: रिलेचे कॉन्टॅक्ट, फ्यूज, जाड वायर किंवा कपलरची पॉझिटिव्ह पिन. तिन्ही पेटले: अर्थ. हिरवा आणि पिवळा पेटले, लाल नाही, पंखा उभा: मोटर, दुसरं काही नाही.

गाडी वेगात असताना पिवळा मंद पेटला तर दचकू नका. वाऱ्याने पातं फिरतं आणि मोटर डायनॅमोसारखी थोडी वीज काढते.

वळणवाट

तिसऱ्या दिवशी सापडलं. सिग्नलला १०३ अंश, हिरवा पेटलेला, पिवळा लख्ख, लाल विझलेला, पंखा उभा. गाडी बाजूला घेऊन मुठीने दोनदा टकटक केलं, घुर्र करून फिरायला लागला.

घरी आल्यावर डीसी क्लॅम्प लावला: सुरुवातीला १६.८ अँपिअर, पाच मिनिटांनी १५.५, आणि आकडा सतत एक-दीड अँपिअर वरखाली. बॅटरी काढून, इंजिन गार झाल्यावर हाताने पातं फिरवलं तर झटका दिल्यावर पाव फेराही जात नाही, तिथेच थांबतं. पात्याचं टोक पुढे-मागे तीन-चार मिमी हलतं.

म्हणजे मोटर. पण मग इंजिन बंद-चालू केल्यावर कधी कधी लागायचा तो कसा? आणि कार्बन बदलून भागेल का?

तेरा_नंबर_पाना

शंका चांगली आहे. कॉम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, त्यावर दोन बाजूंनी कार्बन स्प्रिंगने टेकलेले. एखादी पट्टी जळून काळी झाली आणि थांबताना नेमकी तीच कार्बनखाली आली, तर पुढच्या वेळी करंट जात नाही. मग तुम्ही गाडी शंभर मीटर पुढे नेता, वाऱ्याने पातं पाव फेरा सरकतं, चांगली पट्टी कार्बनखाली येते आणि पंखा लागतो. चावीचा त्यात काही संबंध नाही, बदलतं ते पात्याचं थांबलेलं ठिकाण. दुसरा प्रकार कार्बन खोबणीत अडकण्याचा. झिजलेल्या कार्बनची भुकटी आणि धूळ खोबणीत बसते, मोटर तापली की कार्बन तिथेच चिकटतो आणि स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही. गॅरेजमध्ये जाईपर्यंत मोटर निवते, म्हणून तिथे दोष दिसत नाही.

तुमच्या आकड्यांवरून मूळ दोष बुशमध्ये आहे, म्हणजे मोटरचा शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्यात. बुश कोरडं पडून घासलं गेलं, म्हणून पातं जड आणि टोक हलतंय. जड मोटर दहाच्या जागी सोळा अँपिअर ओढते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे कपलरमध्ये अडीच पटीहून जरा जास्तच. कपलर त्याने भाजला, कॉम्युटेटर त्याने जळला. कपलर हा गुन्हेगार नाही, तोही मार खाणाऱ्यांपैकीच.

म्हणून नुसते कार्बन नकोत. रिवाइंडिंगवाले डब्याच्या पाकळ्या उघडून कार्बन घालून देतात, आणि बुश घट्ट असेल तर ते काम छान टिकतं. पात्याच्या टोकाला तीन-चार मिमी खेळ असताना नवे कार्बनही त्याच जळक्या कड्यावर नाचतील. मोटर बदला.

दशांश_व्होल्ट

मोटर टाकताना हे बघा. शक्यतो श्राउडसकट (पंख्याभोवतीच्या चौकटीसकट) अख्खा पंखा बाहेर काढा, रेडिएटर आणि पंख्याच्या मधे जाड पुठ्ठा सरकवून. नाहीतर जाळीच्या पात्यांवर ओरखडे ठरलेले. काही गाड्यांत पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो. सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी कुठल्या बाजूने फिरतो ते तपासा, नाहीतर शाफ्ट वाकेल. जुन्या पात्याला मुळाशी चीर असेल तर पातंही नवं. हेलकावणारं पातं नवं बुश वर्षभरात खाईल.

कपलर पिगटेलसह (आधीच जोडलेल्या वायरीच्या तुकड्यांसह) नवीन, २.५ चौरस मिमी वायरीचा. जोड क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) हीट श्रिंक. पिळ देऊन टेप गुंडाळणं इथे चालणार नाही, महिन्याभरात टेप तापून सुटते. रिलेच्या सॉकेटच्या पिनाही बघा, सोळा अँपिअर त्यांतूनही गेलेत. रिले एका हाताने सहज निघत असेल तर पिना ढिल्या झाल्यात. अर्थचा बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, वरून ग्रीस. फ्यूज ३० चाच. मोटर जड आहे म्हणून ४० चा टाकलेला असेल तर आधी काढा.

सुरू केल्यावर दिशा तपासा. बाजारातल्या मोटरींच्या वायरींचे रंग मूळ रंगांशी जुळतीलच असं नाही. उलटी जोडली तरी पंखा झोकात फिरतो, फक्त हवा इंजिनकडून पुढे ढकलतो, आणि गाडी वेगात गेली की वाऱ्याशी भांडतो. पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा, चिकटून राहिला पाहिजे. उडून तुमच्याकडे आला तर वायरी उलटा.

जुगाडू

मान्य. माझा स्विच दाबून पिवळाच पेटला असता, पंखा उभाच.

वळणवाट

काम झालं. मोटर, पातं, कपलर नवीन. कागद जाळीला घट्ट चिकटतो. करंट ९.४ अँपिअर, स्थिर. बॅटरी ते मोटर पॉझिटिव्ह ०.१९, निगेटिव्ह बाजू ०.०८. भर दुपारी एसी लावून २५ मिनिटं उभी ठेवली, तापमान ९९ च्या वर गेलं नाही आणि एसीची हवा गारच राहिली. जुन्या मोटरीचा डबा उघडला तर एक कार्बन दुसऱ्याच्या निम्माच उरला होता आणि खोबणीतून बोटाने ढकलूनही हलत नव्हता.

एकच प्रश्न. दिवे काढू की राहू देऊ?

कपलर_काढू_नका

हिरवा आणि लाल काढा. कॉइलचा टॅप काढल्यावर सोललेल्या जागेला हीट श्रिंक लावा, पावसाळ्यात तिथूनच हिरवट थर चढतो. पिवळा ठेवायचा असेल तर काचेवरून काढून स्टिअरिंगखाली आत घ्या, वायर रबरी ग्रोमेटमधून ओवा. पंख्याला वीज पोहोचली हे कळायला तेवढा पुरे, आणि रात्री डोळ्यावर येत असेल तर एक किलोओहमच्या जागी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाका.